एकोणीस नंबरचं घर

कापूरहोळच्या फाट्यावर शेफालीचा टॅब बंद पडला आणि तिच्या तोंडून जी शिवी निघाली, ती आईने ऐकली असती तर दोन दिवस अबोला धरला असता. सप्टेंबर संपत आला होता. आभाळ आठवडाभर उतरलेलं, आणि भोरची एसटी कुठे होती ते एसटीलाच ठाऊक. समोर सोलर पंप दुरुस्तीचं दुकान दिसलं, तशी ती सरळ आत शिरली.

"चार्जिंग मिळेल?"

"मिळंल की. पन हितलं समदं सूर्यावर चालतं, आन् तो आज रजेवर हाये." वायर सोलत बसलेल्या तरुणाने मान वर न करता सांगितलं. मग मान वर केली, आणि वायर नको तितकी सोलली गेली.

"म्हणजे किती वेळ?"

"तुमाला घाई असंल तर तासभर. नसंल तर... लई वेळ."

शेफाली हसली नाही. म्हणजे, हसू दाबलं.

ती पुण्याच्या एका संशोधन संस्थेसाठी काम करत होती. लांबलेलं आजारपण घराला किती खातं, याचा अभ्यास. भोर आणि वेल्ह्यातली चाळीस घरं, पूर्ण वर्षभर. आजारपणात गेलेला पैसा घरच्यांनी रोज कागदावर लिहायचा, आणि शेफालीने दर पंधरा दिवसांनी तो कागद न्यायचा. आजारी माणूस गेलं, की घर यादीतून बंद.

टॅब सुरू झाल्यावर तिने यादी उघडली. एकोणीस नंबर – रतनबाई, गुंजवणे, किडनीचा आजार, आठवड्यातून दोनदा पुण्याला डायलिसिस. मुलगा नागसेन, सोलर दुरुस्ती, कापूरहोळ.

"अहो, मी उद्या तुमच्याच घरी येणार होते!"

"बघा," नागसेन म्हणाला, "आन् चार्जिंगचं निमित्त काढलंत."

दुसऱ्या दिवशी ती गुंजवण्याला गेली. रतनबाई काडीसारख्या झालेल्या, पण नजर मोठी चलाख. "पोरगी हिशेब इचारती, पन गोड इचारती," असं त्यांनी मुलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. मुलगा चुलीत फुंकर घालत बसला, चूल पेटलेली असताना.

त्यानंतर कागद दुकानातच मिळू लागले. बाकीच्या घरांचे कागद रुक्ष असायचे. एकोणीस नंबरच्या कागदावर 'औषधं, गाडीभाडं' यांच्या खाली असायचं – 'आईने हट्टाने भेळ खाल्ली, वीस रुपये. डॉक्टरांची बोलणी, फुकट.' शेफाली एसटीत तो कागद पुन्हा पुन्हा वाचायची. भेळेसाठी टॅबमध्ये रकाना नव्हता. ती 'इतर' मध्ये टाकायची आणि एकटीच हसायची.

एकदा तिने विचारलं, "एम.एस्सी. फिजिक्स ना तुम्ही? मग हे पंप कुठून आले?"

"पंप बी फिजिक्सच हाये." मग जरा थांबून तो म्हणाला, "मला लांबचे ग्रह आवडायचे. दुसऱ्याच ताऱ्याभवती फिरनारे."

"ते दिसतात?"

"न्हाई. ताऱ्याचा उजेड इवलासा कमी होतो, ठरल्या वेळी. त्यावरनं समजायचं, मदी कोनतरी आलंय."

"पंधरा दिवसांनी मी येते, तसं?"

"तुमी आल्यावर उजेड कमी..." तो अडखळला. "कमी न्हाई होत."

त्या दिवशी शेफाली चुकीच्या एसटीत बसली. नसरापूरला उतरून तिला उलटं यावं लागलं, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

जानेवारीत तिचे वरिष्ठ, कुंडलिक सर, यांचा फोन आला. "एकोणीस नंबरचे शेवटचे दोन कागद अगदी सारखे आहेत. सुईपासून भाड्यापर्यंत. आजारपण इतकं शिस्तीत पैसे खात नाही. शेफाली, हे तू घरी बसून भरलंस का?"

तिच्या कानशिलांना चटका बसला. कागद काढून बघितले. खरंच. भेळ नाही, बोलणी नाहीत. तिने ते कागद हरखून घेतले होते आणि वाचले मात्र नव्हते, कारण देणाऱ्याकडे बघण्यात वेळ गेला होता.

ती तडक दुकानात गेली. कागद त्याच्यासमोर ठेवले.

नागसेनने ते बघितले. हातातला पाना खाली ठेवला. "आई जाऊन एकोनतीस दिवस झाले," तो म्हणाला.

बाहेरून एक टेम्पो गेला. शेफाली स्टुलावर बसली. तिच्या घरी कोणी गेलं की पुरुषांची भादरलेली डोकीच ते सांगतात. नागसेनचं घर बौद्ध, तिथे केस काढायची रीत नव्हती. पण आपल्याला न कळण्याचं हे कारण तिला स्वतःलाच पटलं नाही. त्याचे डोळे तर होते ना समोर?

"मी इथे चहा पीत होते," तिचा आवाज चढला, "आई कशा आहेत विचारत होते. आणि तुम्ही 'बरी हाये' म्हणायचात! का?"

"घर बंद झालं असतं. तुमी आला नसता." तो खाली बघत म्हणाला. "आन्... दुसरं कुनी इचारतच न्हाई, आई कशी हाये म्हनून. तुमी इचारलं की वाटायचं, हाये."

शेफालीला राग आला होता, अगदी मनापासून. आणि त्याच मनात दुसरंही काही उसळून आलं. तिने टॅब काढला, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

"शेवटचा फॉर्म भरायचा असतो. आजारपणापायी घरातल्या कोणी शिक्षण किंवा काम सोडलं का? पहिल्या भेटीत गुंजवण्याला हेच विचारलं, तेव्हा तुम्ही 'नाही' म्हणालात."

"आई शेजारी बसली हुती. तिच्यासमोर कसं व्हय म्हननार?"

"आणि आता?"

"व्हय. पुन्याला संशोधनाची जागा मिळाली हुती, ग्रहांवर. सोडली."

पुढचा रकाना नुकसानीच्या रकमेचा होता. तो तिने कोरा सोडला आणि घर बंद केलं.

"संपलं?" त्याने विचारलं.

"ते संपलं. आता शेवटी काय झालं ते सांगा. हे कुठे लिहायचं नाही."

तो सांगू लागला. किडनीच्या माणसाला पाणी मोजून द्यावं लागतं. तीन वर्षं तो आईला मोजून देत होता. शेवटच्या दिवशी तिने तांब्याभर मागितलं, आणि त्याने दिलं. पोटभर प्यायली. "लई गार हाये," म्हणाली. एवढंच सांगायला त्याला अर्धा तास लागला.

"रविवारी मी येणार आहे," शेफाली म्हणाली. "राग गेलेला नसेल."

"चालंल."

"त्याच्या पुढच्या रविवारीही. कागद लिहायचा नाही. मी तुमच्यासाठी येणार आहे – कळतंय का? आवडता तुम्ही मला... कधीपासून!"

नागसेनने ग्रीसने माखलेल्या हातांनी डोळे पुसले, आणि गाल काळे करून घेतले. तिने ओढणीचं टोक पुढे केलं. त्याने ते घेतलं, आणि बराच वेळ सोडलं नाही.