रेमान्सोचे हिरवे डबे

"आमचे कचऱ्याचे डबे कुणीतरी दुरुस्त केलेत हो!" नेलिदाने दारातच गळा काढला.

तितोला हसू आवरेना. त्याची मैत्रीण एल्विरा खासगी गुप्तहेर होती. तिच्याकडे लोक चोऱ्यामाऱ्या घेऊन येत. दुरुस्तीची तक्रार ही पहिलीच.

"दात काढू नका, तितो!" नेलिदा रेमान्सो गावच्या नागरिक समितीची प्रमुख. "नदीकाठच्या डब्यांची बुडं गळालीत. कुत्री कचरा गावभर करतात. किती दारं झिजवली, तेव्हा मोन्तेविदेओची एक संस्था अनुदानाला तयार झाली. त्यांच्या बाई आज मोडके डबे बघायला येतायत, आणि डबे चकाचक! आता कशाला देतील त्या पैसे?"

"बाई येणार हे कुणाला माहीत होतं?" एल्विराने विचारलं.

"काल टपरीवर बोलले. टपरीवाल्या इर्माबाई, म्हणजे आपल्या दोन्या इर्मा होत्या, वाल्तेर लोहार होता. राजधानीतून बाई डबे बघायला येतायत, एवढंच म्हटलं. अनुदानाचं हातात पडेपर्यंत बोलायचं नव्हतं."

नदीकाठी डबे ताज्या रंगाने हिरवेगार उभे होते. एल्विराने एकात डोकावून पाहिलं. आत नुसता येर्बाचा, इथल्या कडवट पानांच्या चहाचा, ओला चोथा. बूड नवं, आणि त्याला बोटभर काठ.

वाल्तेर भट्टीशी पेंगत होता. तितोने येर्बाचा प्याला भरून दिला. वाल्तेरने नळीने ओढून तो परत केला. "ग्रासियास." प्याला परत देताना असे आभार मानले, की इथे त्याचा अर्थ 'आता पुरे'.

"पहिल्याच प्याल्याला पुरे? एरवी आमचा थर्मास रिकामा करतोस की रे!"

"पोट बरं नाही. रात्री लवकर झोपलो होतो."

टपरीवर दोन्या इर्मा नखं घासत होत्या. तितोने पिझ्झा मागितला.

"आज नाही."

"शनिवारी पिझ्झा नाही?"

"नाही म्हटलं ना! तुमची पाहुणी आली का?"

"हिचंच काम हे!" नेलिदा कडाडली. "डब्यांवरून रोज माझ्याशी भांडते."

एल्विराने वाल्तेरला बोलावून घेतलं. एव्हाना पिशवी घेतलेली एक अनोळखी बाईही टपरीशी येऊन थांबली होती.

"वाल्तेर, तू पहिल्याच प्याल्याला पुरे म्हणालास, कारण पोटात आधीच थर्मासभर येर्बा होती. चोथा डब्यात पडलाय. म्हणजे रात्रभर काम चाललं होतं आणि कुणीतरी तुला पाजत होतं. पत्र्याचं बूड सपाट असतं. या बुडांना काठ आहेत. ती पिझ्झाची ताटं आहेत. सगळी दिलीत, दोन्या इर्मा?"

"सगळी." इर्मांनी रंगाने हिरवी झालेली नखं एप्रनाआड लपवली. "पाहुणी येणार आणि तिला घाण दाखवायची? आईने असं नाही शिकवलं मला. अनुदान-बिनुदान कुणी सांगितलं होतं?"

"नेलिदा तपासणीची वाट बघत होती, तुम्ही पाहुणीची," एल्विरा म्हणाली. "गुन्हा इतकाच."

नेलिदा टपरीच्या बाकावर टेकली. सगळं हातचं गेलं होतं, आणि दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं.

अनोळखी बाईने टपरीशेजारच्या डब्यात हात घालून बूड ठोकलं. "ही ताटं हिवाळाभरही टिकायची नाहीत. नवे डबे हवेतच. आणि दिले तर ते इथे नीट राहतील, हे आता मला कुणी पटवायला नको. मी होकार कळवते." मग ती ओशाळून हसली. "ती पाहुणी मीच."

इर्मांनी घाईघाईने प्याला भरला. आधी पाहुणीला, मग नेलिदाला.

नेलिदाचे डोळे भरून आले होते. तितोला वाटलं, आता ही ग्रासियास म्हणणार. पण तसं म्हटलं असतं, तर इर्मांनी पुढचा प्याला भरलाच नसता. तिने आपला प्याला संपवून मुकाट्याने परत दिला, इर्मांचा हिरवा हात आपल्या गालाला लावला, आणि म्हणाली, "अजून दे गं."