चौथ्या ठोक्याची फुंकर

ही हकिकत मी नत्थूमामांच्या बायकोच्या, जनामामीच्या तोंडून ऐकली. देवासमोर बसून खोटं बोलणाऱ्यातली ती बाई नव्हती. आणि शेवटचं जे आहे, ते मी स्वतः पाहिलंय.

रात्रीची वाट पाहू नका. हे घडलं ते भर दुपारी.

साल त्र्याहत्तर. वैशाख. नागपुरातलं नंदनवन तेव्हा असं भरलेलं नव्हतं. मोकळी जागा, चार बाभळी, आणि एका कडुनिंबाखाली आमचे नत्थूमामा दगड घडवत बसलेले.

मामांना वेड दोनच गोष्टींचं. छिन्नी आणि कीर्तन.

कीर्तन मुकुंदबुवांचं. बुवा दिवसा मागावर लुगडी विणायचे आणि संध्याकाळी मारुतीच्या देवळात उभे राहायचे. काय तो गळा! ऐकणाऱ्याची तहानभूक हरपायची. बुवांनी गजेंद्राचं आख्यान लावलं की दुसऱ्या दिवशी मामांच्या दगडातून सोंड बाहेर यायची. अहिल्येचं लावलं, तर मामा दिवसभर हातोडी उचलायचे नाहीत.

"आज नाई मारवत गा दगडाले," म्हणायचे.

बुवांच्या चिपळ्यांची एक लकब होती. तीन ठोके वाजवायचे, चौथ्याला थांबायचं. मामांच्या हातानं तीच चाल उचलली. तीन घाव घालायचे, चौथ्याला दगडावरची धूळ फुंकायची.

टक्. टक्. टक्... फू.

त्या वर्षी रामनवमीला बुवांनी पूर्वरंग रंगवला. मध्यंतराला बसले. कुणी गळ्यात हार घातला, कपाळाला बुक्का लावला.

बुवा उठलेच नाहीत.

उत्तररंग राहून गेला.

मंडळींनी ठरवलं, देवळाच्या ओट्यावर बुवांची मूर्ती बसवायची. मामांनी हौसेनं काम अंगावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी बुवांची बायको कुसुमावती काठी टेकत आली.

"भाऊ, घरात त्यायचा एक फोटू नाई. माह्या डोयात काचबिंदू. डॉक्टर म्हणते, आता नजर राहत नाई. पुरता अंधार व्हायच्या आंधी मले एकदा त्यायचं तोंड पाहू द्या."

"नाक कसं होतं, वहिनी? कपाळ?"

"सांगता येत नाई, भाऊ. दिसलं की वळखीन."

मामांनी हात घडवले. चिपळ्या घडवल्या. उपरण्याची चुणी न् चुणी उतरली. मग छिन्नी चेहऱ्यावर टेकवली...

आणि हात थांबला.

बुवांचा चेहरा आठवेना.

सगळं आयुष्य मामांनी कीर्तन ऐकलं ते डोळे मिटून. आवाज रोमरोमात भिनलेला. तोंड मात्र कधी निरखून पाहिलंच नव्हतं!

"इतकी वर्सं कीर्तनात झोपा काढल्या का जी?" मामी हसली.

मामा हसले नाहीत.

लोकांना विचारावं, तर कुणी म्हणे नाक बसकं, कुणी म्हणे पोपटासारखं. दिवस चालले. कुसुमावती काठी टेकत यायची, कोऱ्या दगडावरून हात फिरवायची, परत जायची.

एके दुपारी तर ती दगड सोडून शेजारच्या खुंटाशीच बोलत उभी राहिली.

मामांना भडभडून आलं.

ती गेली. लूची झळ थांबली होती. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. मामांनी हातोडी उचलली आणि कीर्तनात मिटायचे तसे डोळे मिटून घेतले.

टक्. टक्. टक्...

मामांनी तोंड पुढे केलं.

त्याआधीच कुणीतरी फुंकर मारली.

मामांच्या बोटांवर ती लागली. गार. त्या उन्हात गार... आणि तिला बुक्क्याचा वास होता.

डोळे उघडायची छाती झाली नाही. हाताची चाल मात्र सुटली नव्हती. पुन्हा तीन ठोके. पुन्हा फुंकर. या वेळी थोडी डावीकडे. मामांनी छिन्नी डावीकडे नेली.

फुंकर जिथे लागे, तिथे घाव बसे.

मामी पाणी घेऊन आली आणि दारातच थबकली.

"आवो... कोन आलं जी?"

"कोनी नाई. काहून?"

"मंग समोर पोतं काहून टाकलं बसाले?"

मामांनी पोतं टाकलं नव्हतं.

पोत्याच्या मधोमध खळगा पडला होता. कुणी मांडी घालून बसावं तसा.

मामी तांब्या तिथंच ठेवून आत पळाली. मामा मात्र उठले नाहीत. त्यानंतर रोज दुपारी ते डोळे मिटून बसत. रोज पोतं आपसूक समोर येई.

चेहरा झाला. डावा कान तेवढा राहिला. मामांनी कुसुमावतीला बोलावणं धाडलं.

ती आली. दगडाला नाक लागेल इतकी वाकली.

"हेच," म्हणाली. डोळ्यांतून धारा. "हेच वं माय..."

मग एकदम मागे सरकली.

"पन भाऊ, हे तोंड तुमी पाहिलं कुठं? कीर्तनात त्यायचेही डोये मिटलेलेच राहत. असे डोये उघडून, मान कलती करून ते दुसऱ्याचं कीर्तन आयकाले बसले, तवाच दिसत."

मामांना उमगलं. आता कीर्तन त्यांच्या छिन्नीच्या टकटकीचं होतं. आणि श्रोता...

मूर्तीच्या ओठावर थोडी धूळ राहिली होती. ती फुंकायला कुसुमावती वाकली. तिनं ओठ जुळवायच्या आत...

धूळ उडाली.

तिनं हळूच पोत्याकडे पाहिलं. भ्यायली नाही.

"बसून हायेत," म्हणाली.

"उद्या कान पुरा करतो, वहिनी," मामा कसेबसे म्हणाले. "मंग आरती करू."

"आरती झाली की श्रोता उठून जाते, भाऊ."

तिनं मूर्तीच्या डाव्या कानावर हात ठेवला.

"तो कान राहू द्या."

मामांनी छिन्नी खाली ठेवली. मूर्ती तशीच ओट्यावर बसली. देवळाच्या मंडळींतल्या चंपतरावांनी टोमणाही मारला, "काहून गा नत्थू, एक कान उंदरानं खाल्ला का?" कुसुमावतीची नजर गेली, तरी मरेपर्यंत ती रोज दुपारी त्या मूर्तीपाशी जाऊन बसायची. एकटीच बोलायची, हसायची.

मूर्तीच्या तोंडावर कधी कुणी धूळ पाहिली नाही.

पुढे ती गेली. मागून मामाही गेले. आणि माझ्या मनाला एक टोचणी लागून राहिली. बुवांसारखा पुण्यवान जीव आपण मायेपायी अडवून ठेवला की काय? तिच्यासाठी थांबले होते, आता कुणासाठी?

म्हणून पंच्याऐंशीच्या वैशाखात मी तिथे गेलो. कापूर, निरांजन घेऊन. कान अर्धा तर अर्धा, आपण आरती करून टाकू म्हटलं.

भर दुपार. देऊळ रिकामं. वारा नाही.

निरांजन लावलं. सहज डाव्या कानावरून बोट फिरवलं.

बोटाला कानाची पाळी लागली.

लहानपणापासून मी तो कान पाहत आलोय. तिथे पाळी नव्हती. नुसता ओबडधोबड दगड होता.

खाली पाहिलं. ओट्यावर, कानाच्या बरोबर खाली, राखाडी धूळ. चिमूटभर. ताजी.

वाकून पाहतोय, तोच माझ्या हातातलं निरांजन विझलं.

बुक्क्याचा वास आला.

मामांचं काम अजून चालू होतं, आणि मी मधे आलो होतो.

मी आरती न करताच परत आलो.