पडद्यावरचा जिना

परभणीत स्टेशनरोडला माझा फोटो स्टुडिओ होता, तेव्हाची ही गोष्ट. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. कचेऱ्यांतली उर्दू मागं पडत चालली होती, पण गिऱ्हाइकांची हौस तीच होती: राजवाड्यासमोर उभं राहायचं. म्हणून नाटक कंपनीच्या वैजीनाथ पेंटरकडून मी एक पडदा रंगवून घेतला. दोन्ही बाजूंना कठडे, मधून वर जाणारा जिना, वर कमान. जिन्यावर माणूस काढू नकोस, हे त्याला बजावलं होतं. पुढं पाथरीचे पाटील आणि मागं भलतीच राणी, असलं काही मला नको होतं.

आणखी एक काम माझ्याकडं येई. फोटो न काढताच माणूस गेलं, तर घरातलं त्याच्या तोंडवळ्याचं कुणीतरी त्याचे कपडे घालून उभं राही. मग मी निगेटिव्हवर पेन्सिलीनं नाक-डोळे जुळवून देई. लोक तो फोटो भिंतीला लावून हार घालत. मला त्यात काही वावगं वाटत नसे. काच, औषधं आणि थोडी हातसफाई, एवढाच तो मामला.

गंगाखेडची चतुराबाई त्यासाठीच आली. एके काळी बैठकीत नाचणारी नावाजलेली बाई. थोरली मुलगी बायना आईपेक्षाही सरस नाचायची. ती आदल्या उन्हाळ्यात पटकीनं गेली. तिचा एकही फोटो नव्हता. सोबत धाकटी होती, कडू. पंधरा-सोळा वर्षांची, परकर-पोलकं, दोन वेण्या. मधली लेकरं दगावल्यावर ही झाली, म्हणून हे नाव. कडू म्हटलं की मरण तोंड लावत नाही, अशी आपल्याकडची समजूत. हिच्या पायांत चाळ बांधायचे नाहीत असं ठरवून चतुराबाईनं तिला शाळेत घातलं होतं.

बायनाचं जरीचं लुगडं नेसून, तेवढ्यापुरते चाळ बांधून कडू पडद्यापुढं उभी राहिली, ती मास्तरांनी फळ्याशी बोलावल्यासारखी. हात कुठं ठेवावेत तेच तिला कळेना. मला हसू आलं. बायनाच्या हनुवटीवर तीळ होता, तो मी प्रिंटवर ब्रशनं काढणार होतो. पण हे अवघडलेपण कुठल्या ब्रशनं झाकणार?

चतुराबाईनं उभं राहायचं कसं ते पुन्हा पुन्हा दाखवलं. शेवटी ती कॅमेऱ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बायना, हिकडं बघ."

मुलीनं मान वळवली. एक पाऊल पुढं सरलं, पदराचं टोक बोटांत आलं, चाळ जरासे वाजले. असं उभं राहणं शिकवून येत नाही. मी घाईघाईनं शटरचा रबरी फुगा दाबला.

निगेटिव्हची काच धुतली तेव्हा हनुवटीवर ठिपका दिसला. औषधात बुडबुडा राहिला की असा डाग पडतो, त्यात नवल नव्हतं. पण डाग नेमका तिळाच्या जागी होता. प्रिंट काढून मी खिडकीशी नेली. पुढं उभी होती ती कडू नव्हतीच. भरलेला चेहरा, वय चांगलं वीस-बावीस, आणि नजर अशी की बघणाऱ्यानंच मान खाली घालावी. मी अजून पेन्सिल हातात घेतलेली नव्हती.

आणि मागं, जिन्याच्या मधल्या पायऱ्यांवर, एक पाठमोरी मुलगी होती. परकर-पोलकं, दोन वेण्या.

मी जाऊन पडद्यावर हात फिरवून पाहिला. जिना रिकामा होता. दुसरी प्रिंट काढली, तर तीत ती कमानीच्या आणखी जवळ गेली होती. मी घाबरलो, हे सरळच सांगतो.

बाजारच्या दिवशी दोघी फोटो न्यायला आल्या. मुलगी लुगड्यात होती. तिच्या हनुवटीवर तीळ होता. मी शाळेचं विचारलं.

"आता कशाची शाळा?" चतुराबाई म्हणाली. "बायना नाचायलीय की."

तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं की मला पुढं बोलवेना. तरी मी प्रिंट तिच्यापुढं ठेवली आणि जिन्यावर बोट टेकवलं.

"ही तुमची कडू आहे, बाई. तिच्या नावानं एक हाक मारा. अजून ती वर पोचलेली नाही."

चतुराबाई बघत राहिली. तिचे ओठ हलले, पण हाक आली नाही.

मग मीच हाक मारली. "कडू."

बाकावर बसून मुलगी चाळ बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

प्रिंटमधली मुलगी आता आमच्याकडं तोंड करून उभी होती.

चतुराबाईनंही ते पाहिलं. तिचे डोळे भरून आले. पदरानं तिनं ते पुसले, एकदा बाकाकडं बघितलं आणि प्रिंट माझ्याकडं सरकवली.

"फोटो लय चांगला निघाला," ती म्हणाली. "मागचा जिना तेवढा कापून द्या."