मळीच्या टाकीतली हाक

बसा गड्यांनो. समद्यांच्या कमरंला दोर आला का? मग उतरायच्या आधी ह्या याकोबचं ऐका. साहेब म्हनतील याकोब वेळ खातो. म्हनू द्या.

एकाहत्तरचा उन्हाळा. कारखान्याचं उसाचं गळीत संपलं हुतं अन् हीच मळीची टाकी धुवायची हुती. आदल्या साली हिच्यात गोरक्षनाथ चक्कर येऊन पडला. त्याला काढाया सूर्यभान बिनदोराचा उतरला. दोघंबी गेले. तरी साहेब म्हनाले, "दोर कशाला? पाच मिनिटांचं काम."

"दोर न्हाई तर मानूस न्हाई," मी म्हनलं. उतरनारा डेव्हिड हुता, माझ्या बायकोचा, हन्नाचा, एकुलता एक भाऊ.

भर दुपार. टाकीच्या तोंडाशी मी दोर धरून. आतून गोड, आंबूस वास, डोकं धरनारा. ठरलं हुतं, बोलायचं न्हाई, आत आवाज घुमतो. एक हिसका म्हंजे ठीक, तीन म्हंजे वढ. एक हिसका आला. मग कायबी न्हाई.

अन् हाक आली. "दाजी... पाय अडकलाय... खाली या..."

डेव्हिडचाच आवाज. एक पाय आत टाकलाबी. मग दोराकडं बघितलं. बोलाया दम हाय, मग हिसका द्यायाला का न्हाई?

"मी येत न्हाई! तूच वर ये!" बोंबललो अन् हुतं न्हवतं बळ लावून वढला. डेव्हिड वर आला तो बेशुद्ध, दातखीळ बसलेली. दोर सोडून सावलीत निजवला, वारा घातला. छाती हालली त्याची. देवा, तुझे लई उपकार!

तेवढ्यात खालून, त्याच आवाजात... "दाजी... खाली या..."

भ्यालो, खोटं कशाला बोलू? पन त्याहून जास्त चिडलो. "माझा मानूस मागतो व्हय रे? एकबी मिळनार न्हाई! वर यायचं आसंल तर हा घे दोर!" मोकळं टोक खाली सोडलं.

दोर ताठ झाला. एक... दोन... तीन हिसके.

वढला. वजन न्हवतंच. टोकाला कमरंएवढा फास, मळीनं काळा, गाठ नीट मारलेली.

डेव्हिड आज पलीकडं मशिनीवर उभा हाय. तुमीबी संध्याकाळी घरी जानार. हाक आली तर दोर वढायचा, उतरायचं न्हाई. कोनाचीबी आसू द्या.

आत दोघं मेले हुते, गड्यांनो. फास एकच वर आला.