पाठराखीण

"कुणी घातली हो ही घडी? पदराची जर मोडलीय सगळी. लोकाची साडी आहे, पोळपाट पुसायचं फडकं नव्हे."

अक्काची कुरकुर नेहमीचीच. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या नंदिनीला टोचला तो मधला 'हो'.

मिरजेत दोघी बहिणींचं साड्यांचं काम होतं. निऱ्या घालायच्या, इस्त्री फिरवायची, घडी घालून खोक्यात द्यायची. नवऱ्यामुलींना निऱ्या घालता येईनाशा झाल्या आणि या दोघींची भरभराट झाली.

"मीच घातली," नंदिनी म्हणाली आणि उजव्या हाताची दोन बोटं तिनं पदराखाली घेतली. ती हल्ली आपल्याच मनानं थरथरायची.

"असू द्या, असू द्या," अक्का लगेच नरमली. "मी करते. तुम्ही बसा."

दारात चप्पल चढवणारा नंदिनीचा नवरा श्रीपाद हसला. "अक्का, सख्ख्या धाकट्या बहिणीला अहो-जाहो? ती काय विहीण आहे तुमची?"

अक्काही हसली. पण जरा उशिरानं, समोरचा हसतोय म्हटल्यावर. नंदिनीनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. या घरात ही कला सगळ्यांना येऊ लागली होती.

थरथर आईकडून आलेली. आधी बोटं, मग जीभ, शेवटी घासही गिळता येईना. अक्काची बोटं थरथरू लागली तेव्हा सगळ्यांनी मनातल्या मनात तिची आशा सोडली होती. तेवढ्यात ते औषध आलं.

डॉ. नसीम मुजावरांनी तेव्हा फार सोपं करून सांगितलं होतं. "शरीरातलं प्रत्येक प्रथिन आधी नुसता लांब धागा असतो, अक्का. त्याची नेमकी घडी बसली तरच तो कामाचा. घडी बसेपर्यंत पेशीतली काही मदतनीस प्रथिनं त्याच्यासोबत राहतात. तो रुळला की बाजूला होतात."

"मग पाठराखीण म्हणा की!" अक्का म्हणाली होती. डॉक्टरीणबाईंना तो शब्द ठाऊक नव्हता. "अहो, नवरीबरोबर सासरी जाऊन चार दिवस राहते ती. हिच्या लग्नात कुरुंदवाडला मीच गेले होते. आमची शकुंतला तिथं नंदिनी झाली. नाव बदललं, कपाळ बदललं. मी मात्र अजून शकेच म्हणते, सासू असेपर्यंत तिच्यादेखतसुद्धा!"

"पेशीतही तसंच चालतं," डॉक्टरीणबाई हसल्या होत्या. "घडी बसली की कुणाला फॉस्फेटची टिकली लागते, कुणाच्या गळ्यात साखरेची साखळी पडते. कुठल्या घरी जायचं, काय करायचं, ते त्यावर ठरतं. तुमच्या घराण्यात एकाच प्रथिनाची घडी चुकते, पण ते चुकलेलं शेजारच्यांनाही बिघडवतं. आम्ही प्रयोगशाळेत घडवलेली मदतनीस मेंदूत जाऊन त्या वाकड्या घड्या उलगडते."

तेव्हापासून दवाखान्यात त्या औषधाला सगळे पाठराखीणच म्हणू लागले. अक्काचे हात असे स्थिरावले, की पैठणीचा पदर कसा धरावा हे पुन्हा तिनंच शिकवावं. आज नंदिनीची पहिली सुई होती. सोबत कोण, हा प्रश्नच नव्हता; अक्काच.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी अक्काच्या मनगटावरची, प्रथिनांची नोंद ठेवणारी पट्टी तपासली. "उत्तम. वाकडी घडी शोधून सापडत नाही."

"बघा!" श्रीपाद म्हणाला.

"ती मला अहो म्हणते," नंदिनी म्हणाली.

"वय झालं, नंदिनी. माणूस विसरतो थोडंफार," श्रीपादनं समजूत घातली.

डॉक्टरीणबाईंनी ती पट्टी पुन्हा एकदा पाहिली. मग अगदी जपून म्हणाल्या, "आठवण टिकते ती काही प्रथिनांच्या घडीमुळेच. ती घडी चारचौघांसारखी नसते. हट्टी असते. एकदा बसली की वर्षानुवर्षं सुटत नाही."

"चारचौघांसारखी नाही म्हणजे वाकडीच ना?" नंदिनीनं विचारलं.

"औषधाला त्यातला फरक कळायला हवा होता."

'हवा होता' हे दोन शब्द नंदिनीनं नीट ऐकले. जुन्या साडीची मोडलेली घडी कितीही झटकली तरी तिची रेघ राहते. त्या रेघेवरून साडी कुणाच्या हातची, हे अक्का एके काळी न विचारता सांगायची. वाफेची इस्त्री फिरली की रेघ गेली. साडी कोरी. चुणी कुठली आणि खूण कुठली, इस्त्रीला काय कळतं?

"आणि औषध थांबवलं तर?"

"थरथर परत येईल. मग पुढचं सगळं. तुम्ही आईचं पाहिलंय."

डॉक्टरीणबाई सुई भरू लागल्या, श्रीपाद पंख्याकडे बघत राहिला. नंदिनीनं बाही वर केली. हात आता कोपरापर्यंत थरथरत होता. अक्कानं पुढे होऊन तो आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"घाबरू नका. दुखत नाही फारसं."

"अक्का, माझ्या लग्नात कुरुंदवाडला तू आली होतीस..."

"हो तर! छान झालं होतं लग्न."

"मला काय म्हणून हाक मारायचीस?"

अक्कानं तिचा चेहरा न्याहाळला. कपाळ, नाक, हनुवटी. मग तिनं हळूच श्रीपादकडे पाहिलं, तो ओठ हलवतोय का म्हणून. श्रीपाद खरंच हलवत होता.

"नका हो सांगू," अक्का त्याला म्हणाली. "किती दिवस सांगाल?"

ती नंदिनीकडे वळली. तिचे हात अजिबात थरथरत नव्हते.

"अहो म्हटलं की कुणाला राग येत नाही, म्हणून सगळ्यांनाच म्हणते. तुम्ही सगळे इतक्या मायेनं वागता, की बोलायचा धीर होईना. पण आता तुम्हालाही तीच सुई टोचताहेत, म्हणून बोलते. मला तुमच्यातलं कुणीच ओळखू येत नाही. बाई, तुम्ही माझ्या कोण?"