चेंबरमधला शेवटचा सीन

त्या सकाळी नूतनकडे काम होतं ते अगदी साधं. यावलच्या एका बागेतून चाळीस कॅरेट, म्हणजे प्लास्टिकची खोकी भरून, कच्ची केळी आणायची आणि वडिलांच्या चार वर्षांपासून बंद पडलेल्या चेंबरमध्ये रचायची. चेंबर म्हणजे केळी पिकवायची खोली. जाड भिंती, खिडकी नाही, पोलादी दार. आत थंडी आणि फळ पिकवणारा वायू. दार एकदा लावलं की चार दिवस उघडायचं नाही, आणि आतून तर ते उघडतच नाही.

गावात मुंबईहून सिनेमावाले आले होते. शेकडो वर्षांपूर्वीची प्रेमाची शोकांतिका ते हिंदीत करत होते, पण आजची, केळीच्या मुलखातली. मूळ गोष्टीत दोघं थडग्यात मरतात. दिग्दर्शकाने विचारलं होतं, "आज का मक़बरा क्या होगा?" कलाकारांना इथली बोली शिकवायला युनिटमध्ये लागलेली नूतन चटकन म्हणाली होती, "आमचं चेंबर."

तिला हा सिनेमा एकाच माणसासाठी हवा होता. चार वर्षांपूर्वी तिची थोरली बहीण मोहिनी, चेंबरवर माल भरणाऱ्या सुकदेवबरोबर पळून गेली होती. आबा म्हणजे तिचे वडील, जीवराम. ते सांगायचे, "सुरतेला शे. फोन आल्ता. बरी शे." इथल्या बोलीत 'शे' म्हणजे 'आहे'. फोन नेहमी त्यांनाच यायचा. नूतनला वाटे, सुरतेच्या कुठल्यातरी थिएटरात मोहिनी हा सिनेमा बघेल, आपलं चेंबर ओळखेल आणि तडक घरी येईल. प्रेमासाठी पळावं लागणार नाही असं गाव व्हायला हवं, आणि ते लवकर व्हायला हवं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

चेंबरवर एक रीत असते. दार लावणारा आधी आत तोंड करून हाळी देतो, "आत कोनी शे का?" आणि मनात वीस आकडे मोजतो. आत कोणी असेल तर त्याने ओ द्यायची. या रितीवर माल भरणाऱ्यांचा जीव असतो. ती नूतननेच पटकथेत घातली होती. शेवटच्या सीनमध्ये मुलीचा बाप हाळी देतो, आतून ओ येते, तो ती ऐकतो, आणि "कोनी नाही" म्हणून दार लावतो.

बापाचं काम करणाऱ्या नटाला दुपारपर्यंत ना हाळी जमली, ना दाराचा दांडा. बाहेर मे महिन्याचं ऊन पत्र्यावर कडकडत होतं.

"आबाजी, आप कर दीजिए," दिग्दर्शक म्हणाला. "पाठच दिसेल. फक्त हात आणि आवाज."

"मले नाही जमत," जीवराम म्हणाले.

"जीवरामभाऊ, जन्मभर तेच केलं ना तुम्ही!" कोणीतरी गर्दीतून ओरडलं. "का आता हिरोचंच काम पाहिजे?"

सगळे हसले. सगळ्या गावासमोर नाही म्हणणं अवघड झालं. नूतनने त्यांचा हात धरला. "आबा, माझ्यासाठी."

ते उठले.

आत दिवा नव्हता. यंत्र बंद होतं, तरी दारातून थंड वारा येत होता, आणि त्यात कच्च्या केळीच्या चिकाचा तुरट वास. शांतता झाली. ध्वनिमुद्रण करणाऱ्या भुसावळच्या हितेंद्रने हेडफोन चढवला.

"अ‍ॅक्शन."

"आत कोनी शे का?" जीवरामांचा आवाज भिंतींवर आपटून परत आला.

ठरल्याप्रमाणे आतून काहीच येणार नव्हतं. ओ नंतर स्टुडिओत भरायची होती. नूतन मनात मोजत होती. अकरा... बारा... तेरा...

"शे... मी शे, आबा..."

आवाज बारीक होता, घसा कोरडा पडल्यासारखा. नूतनने वळून पाहिलं. नायिका लांब कडुनिंबाखाली खुर्चीत बसून टरबूज खात होती.

जीवरामांची पाठ हलली नाही. ते वीसपर्यंत थांबले. मग अगदी सहज, रोजच्या आवाजात म्हणाले, "कोनी नाही." आणि त्यांनी दार ओढून दांडा आडवा टाकला.

"कट! कमाल कर दिया!" टाळ्या पडल्या.

हितेंद्रने एका कानावरचा हेडफोन सरकवला. "नूतन... आत कोण आहे? आतल्या माइकवर अजून बोलते आहे... कोणाला तरी गप्प राहायला सांगते आहे..."

नूतन वडिलांसमोर गेली. "आबा. तो आवाज ताईचा होता."

जीवराम दाराकडे बघत होते. "मी तं लावलं व्हतं," ते हळूच म्हणाले. "बठ्ठं, सारंच नीट लावलं व्हतं. तव्हा आठ दिवस उघडलं नाही मी."

"मग सुरतेचे फोन...?"



नूतनने दांडा दोन्ही हातांनी उचलला. दार लागून चार मिनिटंही झाली नव्हती. हितेंद्रने मोबाइलचा उजेड आत टाकला.

कोणी नव्हतं. पण सकाळी तिने स्वतः रचलेली कॅरेट फरशीवर ओढलेली होती, आणि त्यातली हिरवी, दगडासारखी केळी सालीसकट खाल्लेली. भिंतीलगत नुसती देठं. चीक सुकला की काळा पडतो. हा अजून पाण्यासारखा टपकत होता.

दिग्दर्शक मागून डोकावला. "आर्टवालों ने किया? बढ़िया है! हात लावू नका कोणी, क्लोज़-अप घेऊ."

कॅमेऱ्याचा मोठा दिवा आत आला. नूतन गुडघ्यांवर बसली. काही केळ्यांवर रुंद दातांचे चावे होते, सुकदेवचे असतील. काहींवर त्याहून नाजूक. तिने डोळे मिटले, मग उघडले.

सर्वांत खालच्या कॅरेटमध्ये मात्र एकच फणी होती, कोणीतरी मुद्दाम सोलून, मऊ व्हावी म्हणून बोटांनी चेपून ठेवलेली. तिच्यावरही दात उमटले होते. एवढेसे, तांदळाच्या दाण्यांसारखे, जेमतेम तीन वर्षांच्या मुलाचे.