वर्नाची सही

"जोलीनला सुट्टी मिळाली नाही. चल, मी सोडतो," ड्वाइट दारातूनच वर्नाला म्हणाला... चार वर्षांनी भाऊ दारात आला, तोही नेमका आजच!

आज तिला विस्कॉन्सिनच्या विधानसभेच्या समितीपुढे बोलायचं होतं. दवाखान्याचं थकलेलं बिल, कर्ज देताना बँका पाहतात त्या पत-अहवालावर चढवू नये, असा कायदा येऊ घातला होता. तिला घेऊन जाणार असलेल्या भावजय जोलीनला एवढंच ठाऊक होतं. बिल कुणाचं, हे वर्नाने तिलाही सांगितलं नव्हतं.

ट्रकमध्ये दोघांच्या मधे अवजारांची पेटी होती. चार वर्षांपूर्वी घराच्या कर्जासाठी त्याने तिला जामीन राहायला सांगितलं होतं आणि ती नुसतं नाही म्हणाली होती. तिची पत केव्हाच धुळीला मिळालेली. तिचं नाव अर्जावर पडतं, तर त्याचंही कर्ज नामंजूर झालं असतं... पण हे सांगायचं, तर सगळंच सांगावं लागलं असतं. सख्खी बहीण असून पाठ फिरवलीस, असं म्हणून तो गेला, तो गेलाच.

विधानभवनापाशी तो खाली ट्रकमध्येच थांबेल असं तिला वाटलं होतं. पण ती बोलायला उभी राहिली आणि तो मागच्या बाकावर येऊन बसला. गप्प बसावं? मग इतक्या लांब आलो तरी कशाला!

"घरातलं एक माणूस हरणांच्या शिकारीच्या हंगामात पहिल्याच दिवशी मचाणावरून पडलं," ती कशीबशी म्हणाली. "पडू नये म्हणून झाडाला अडकवायचा पट्टा बांधला नव्हता. विमा नव्हता. दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईने कागद पुढे केला, मी सही केली. बिल माझ्या नावावर आलं."

"त्यांना हे माहीत आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही. दवाखान्याने माफ केलं, असं सांगितलं मी. नाहीतर मोडक्या कमरेने कामावर गेला असता तो."

मागचा बाक करकरला. ड्वाइट टोपी हातात घेऊन उभा होता.

"तो मी, बाई. आणि मी हिला चार वर्षं उंबरा चढू दिला नाही."

त्याला बसायला सांगण्यात आलं. तो बसला नाही. मतदान पुढच्या आठवड्यावर गेलं.

परतताना त्याने पेटी उचलून मागे टाकली. चावी लावली, पण गाडी सुरू केली नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

"ताई... गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला ये. टर्कीत सारण तूच भर. जोलीनच्या हातचं नुसतं चिकट होतं."

वर्नाला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग इतक्या वर्षांचं रडू.

"आधी पट्टा बांध," आपल्या सीटचा पट्टा ओढत ती म्हणाली.